कोंबडीच्या पंखाखालची बदके

इतिहास हा शब्द उच्चारला की आपल्या करवीरनगरीतील माणसाच्या डोळ्यांसमोर पन्हाळगड येतो, महाराणी ताराबाई येतात, राजर्षी शाहू महाराज येतात. आज मी ज्या इतिहासाविषयी चार शब्द बोलणार आहे, त्याला ना शिलालेख आहे ना बखर. तो परसातील खुराड्यात घडला, आणि तो घडविणाऱ्या बहुतेक स्त्रियांना सही करता येत नव्हती. त्या इतिहासाचा प्रश्न एका वाक्यात सांगता येतो : बदकाचे अंडे उबविते कोण?

हा प्रश्न ऐकून कित्येकांना हसू येईल. बदकाचे अंडे बदक उबविणार, दुसरे कोण? रानातल्या बदकापुरते हे उत्तर खरे आहे. आपल्या रंकाळ्यावर किंवा कळंबा तलावावर हळदी-कुंकू नावाचे एक बदक आढळते. त्याच्या काळ्या चोचीचे टोक पिवळे असते आणि चोचीच्या मुळाशी दोन तांबडे ठिपके असतात. म्हणून आपल्या लोकांनी त्याला हे सौभाग्याचे नाव दिले. ही मादी पाण्याकाठच्या दाट गवतात घरटे करते, त्यात आपल्याच छातीची पिसे अंथरते आणि सुमारे चार आठवडे अंड्यांवर बसून राहते. परंतु घरातल्या पाळीव बदकाची गोष्ट निराळी. ते पहाटे अंडे घालते, कधी खुराड्यात, कधी वाटेवर, तर कधी चक्क पाण्यात. आणि नंतर त्याकडे ढुंकूनही पाहत नाही.

असे का व्हावे? पाळीव बदकांच्या बहुतेक जाती रानटी नीलशीर बदकापासून निपजल्या आहेत. उबवणीस बसलेली मादी अंडी घालणे थांबविते. ज्याला अंडी हवी आहेत तो माणूस साहजिकच न बसणाऱ्या मादीची पैदास ठेवतो आणि बसणारीला मागे टाकतो. चीनमध्ये आणि अन्यत्र पिढ्यान् पिढ्या ही निवड चालली, आणि बदकाच्या अंगातील आईपण हळूहळू विरून गेले. मूळच्या दक्षिण अमेरिकेतील मस्कोव्ही बदकाची मादी मात्र अद्याप पस्तीस दिवस निष्ठेने बसते. पण ती जातच वेगळी. बाकीच्या पाळीव बदकांचा वंश चालवावयाचा, तर ऊब दुसऱ्या कोणाकडून तरी उसनी आणावी लागते. ही उसनी ऊब कोणाकोणाकडून आली, हाच आजच्या भाषणाचा विषय.

माझ्या माहितीतील पहिली उसनी ऊब माझ्या आजीच्या तांबड्या कोंबडीची. आमचे घर राधानगरी तालुक्यात, भोगावतीच्या खोऱ्यातील भातशेतीच्या गावी. १९७० च्या आसपासची गोष्ट आहे. मी तेव्हा बारा-तेरा वर्षांचा होतो. आजीने आठवड्याच्या बाजारातून बदकांची एक जोडी आणली होती. मादीने अंडी घातली, पण बसण्याचे नाव घेईना. आजीला त्याचे नवल वाटले नाही. ती तिच्या तांबड्या कोंबडीची वाट पाहत होती. एके दिवशी ती कोंबडी अंगाची पिसे फुलवून कुर्रकुर्र करू लागली, खुराड्यातून उठेना. आजी म्हणाली, "झाली खुडूक. आता रवणीला बसवू."

रवणीला बसविण्याचे तिचे शास्त्र मला आजही पाठ आहे. वेळूच्या बुट्टीत आधी राख, तिच्यावर मऊ भाताचे काड. अंडी नऊ. आमची गावठी कोंबडी स्वतःची बारा-तेरा अंडी सहज झाकी. पण बदकाचे अंडे मोठे, तेव्हा पंखाखाली मावतील तेवढीच घ्यावयाची. प्रत्येक अंड्यावर कोळशाने एका बाजूस फुली. कारण हे जड अंडे कोंबडीच्या चोचीने नीट उलटत नाही. आजी दिवसातून दोन-तीन वेळा ते हाताने उलटी आणि फुली वर आहे की खाली यावरून हिशेब ठेवी. कोंबडी दाणा खावयास उठली की आजी तळहात कोमट पाण्यात बुडवून अंड्यांवर शिंपडी. मी कारण विचारले, तर म्हणाली, "बदकीण पाण्यातनं वल्ली हून येती न्हवं? तिची अंडी वलाव्याला सवकलेली असत्यात." बदकाच्या अंड्यास कोंबडीच्या अंड्यापेक्षा अधिक दमटपणा लागतो, हे मी पुढे पुस्तकात वाचले, आजीचे उत्तर त्याहून फारसे वेगळे नव्हते.

खरी अडचण दिवसांची. कोंबडीच्या पिलाला एकवीस दिवस पुरतात, बदकाच्या पिलाला अठ्ठावीस. एकविसावा दिवस उलटला की कोंबडी अस्वस्थ होते, कधी बुट्टी सोडून देते. त्या शेवटच्या आठवड्यात आजी तिला जागेवरच दाणापाणी देई आणि अंधारासाठी वरून डाल झाकी. कोणी दोन्ही प्रकारची अंडी एकत्र बसविणार असेल तर बदकाची आधी ठेवावी आणि सात दिवसांनी कोंबडीची घालावी, म्हणजे सगळी एकाच दिवशी फुटतात, हाही हिशेब ती तोंडी सांगे. सातव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत, कौलाच्या फटीतून येणाऱ्या उन्हाच्या तिरिपेसमोर अंडे धरून ती जीव धरला आहे की नाही हे पाही. ऊब योग्य आहे का हे पाहण्यासाठी अंडे डोळ्याच्या पापणीला लावी. आणि हे सगळे करताना बुट्टीत एक लोखंडी खिळाही ठेवी, म्हणजे वीज कडाडली तरी अंड्यातला जीव दचकत नाही! ज्ञान आणि समजूत तिच्या बुट्टीत शेजारी शेजारी नांदत होती. आम्हां शिकलेल्या मंडळींना खिळा तेवढा दिसतो, पापणी दिसत नाही.

नऊपैकी नऊ पिल्ले बाहेर आली. पिवळीधमक, चपट्या चोचींची. तांबडी कोंबडी त्यांना घेऊन परसात हिंडू लागली. चार दिवसांनी पाटाला पाणी सुटले, आणि ती सारी फौज एकापाठोपाठ एक पाण्यात उतरली. कोंबडी काठावर वेड्यासारखी धावू लागली, ओरडू लागली. तिचे ऐकते कोण! मी पिल्ले काढावयास धावलो तर आजी म्हणाली, "आरं बाळा, पाण्याचं लेकरू पाण्यातच जाणार. पर लई येळ ऱ्हाऊ देऊ नगंस." थोड्या वेळाने तिने ती बाहेर काढून पदराने पुसली आणि कोंबडीखाली सारली. बदकीण आपल्या पिसांवरील तेलकटपणा पिलांच्या अंगाला लावते, म्हणून तिची पिल्ले भिजत नाहीत. कोंबडी ऊब देऊ शकते, हे तेल देऊ शकत नाही, असा जाणत्यांचा अनुभव आहे. कोंबडीखालच्या पिलांना पहिले तीन-चार आठवडे थंडीपासून जपावे लागते ते याचमुळे.

आता हेच दृश्य दोन हजार वर्षांपूर्वी आणि हजारो कोसांवर कोणी पाहिले होते, असे मी म्हटले तर आपणास आश्चर्य वाटेल. ख्रिस्तपूर्व ४५ च्या सुमारास रोममधील विख्यात वक्ता सिसेरो ह्याने देवांच्या स्वरूपाविषयी एक ग्रंथ लिहिला. निसर्गातील व्यवस्था कशी आपोआप चालते, हे दाखविताना तो उदाहरण देतो की, आपण बदकांची अंडी कोंबडीखाली ठेवतो, पिल्ले आरंभी तिलाच आई मानून वाढतात, पण पाणी दिसताच तिला सोडून जातात. जणू ते त्यांचे जन्मजात घरच. त्यानंतर शंभर वर्षांनी कॉल्युमेला ह्या रोमन लेखकाने शेतीवरील आपल्या ग्रंथात याच्याही पुढची गोष्ट सांगितली. दलदलीतून रानबदकांची अंडी गोळा करावी व ती घरच्या कोंबडीखाली उबवावी, म्हणजे तेथे वाढलेली पिल्ले रानटीपणा टाकतात आणि बंदिवासातही वंश वाढवितात. रानटी पक्षी माणसाच्या अंगणात आणण्याच्या कामी खुडूक कोंबडीचा असाही उपयोग झाला आहे.

पिल्ले कोंबडीला आई का मानतात, ह्याचे उत्तर बऱ्याच उशिरा मिळाले. ऑस्ट्रियातील निसर्गशास्त्रज्ञ कोन्राड लोरेन्झ ह्यांनी १९३५ साली असे मांडले की, बदक व हंस यांची पिल्ले अंड्यातून बाहेर पडल्यावर आरंभीच्या काही तासांत जी हलती-बोलती वस्तू पाहतात, तिचा ठसा त्यांच्या मनावर कायमचा उमटतो. हंसाची पिल्ले खुद्द लोरेन्झ ह्यांच्याच मागे चालत. १९७३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

ह्या कथेतील माझा भाग मात्र अभिमानाने सांगावा असा नाही.

त्या वर्षी मृगाचा पाऊस वेळेवर आला. आजी पिलांना भाताची कणी आणि कोंडा भिजवून देई. मला शाळेच्या पुस्तकातून कळले होते की शेंगदाण्याची पेंड जनावरांना फार पौष्टिक. आमच्या सोप्यात पेंडीचे पोते होते. पावसाच्या ओलीने त्यातील ढेपेवर हिरवट बुरशी चढली होती. आजीने ती हुंगून बाजूला टाकली होती. म्हणाली, "कुबट हाय, नगं घालूस." मी मनात म्हटले, हिला काय ठाऊक! आणि पिल्ले लवकर मोठी व्हावीत म्हणून तिच्या नकळत रोज मूठभर पेंड भिजवून घालू लागलो. पंधरा दिवसांत पिल्ले खंगली. पायांवर जांभळट झाक आली, चालताना झोकांड्या जाऊ लागल्या, मान मागे ओढली जाऊ लागली. नऊपैकी सात मेली. नवल म्हणजे तीच पेंड टिपणारी कोंबडी ठणठणीत राहिली. आजीने मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. मी गप्प बसलो. ती बदके मोठी करून त्यांच्या अंड्यांच्या पैशांतून माझ्या पुढच्या इयत्तेची पुस्तके घ्यावयाची, असा तिचा बेत होता. पुस्तके तिने कुठूनशी आणलीच. कुठून, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

उलगडा झाला तो मी जुनी अकरावी मॅट्रिक होऊन शिक्षकाच्या नोकरीला लागल्यावर, एका शेतकी मासिकात. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अज्ञात रोगाने मेले. बदकांची पिल्लेही मेली. शोध घेता घेता संशोधक ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीपर्यंत पोहोचले. तिच्यावर वाढणाऱ्या अस्परजिलस फ्लेव्हस नावाच्या बुरशीचे ते विष होते. त्यास अफ्लाटॉक्सिन हे नाव मिळाले. ह्या विषाने बदकाचे पिल्लू इतक्या लवकर बाधते, आणि कोंबडी त्यामानाने इतकी तग धरते, की पुढे धान्यातील विष ओळखण्यासाठी प्रयोगशाळांतून एक दिवसाच्या बदकपिलांचाच कसोटीसारखा उपयोग करू लागले. आणि ही केवळ पाखरांची गोष्ट राहिली नाही. १९७४ साली राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातेतील पंचमहाल ह्या भागांत असाच बुरशीचा मका खाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. माझ्या आजीला बुरशीचे नाव माहीत नव्हते. परंतु तिच्या नाकाला जे कळले होते, ते माझ्या पुस्तकाला कळले नव्हते. त्या मासिकाचा अंक हाती पडला तेव्हा आजी हयात नव्हती.

आता पुन्हा उसन्या उबेकडे वळू. कोंबडी एका वेळी नऊ अंडी उबविते. हजारो हवी असतील तर? हा प्रश्न इजिप्तमधील लोकांनी ख्रिस्तपूर्व काळातच सोडविला होता. तेथे अंडी खताच्या उबेत पुरून फोडतात, अशी नोंद ॲरिस्टॉटलने केली आहे. पुढे तेथे मातीच्या विटांच्या मोठ्या भट्ट्या झाल्या. त्यांत हजारो अंडी एकदम उबविली जात. आणि त्या भट्ट्यांवरील कारागीर ऊब कशाने मोजत असत? अंडे डोळ्याच्या पापणीला लावून! हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून काही वेळ बसून राहिलो. चीनमध्ये बदकांची अंडी गरम केलेल्या भाताच्या टोपल्यांतून उबविण्याची कला होती. युरोपला ही विद्या साधत नव्हती. १७४९ साली रेओम्यूर ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने ह्या विषयावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि पापणीच्या जागी उष्णतामापक आणला. त्यानंतरच्या दीडशे वर्षांत रॉकेलच्या दिव्याची आणि मग विजेची यंत्रे आली, आणि खुडूक कोंबडीची गरज सरू लागली.

आपल्या देशात ह्या सुधारणेची पावले उशिरा उमटली. १९२६ साली नेमलेल्या शाही शेतकी आयोगाने १९२८ च्या आपल्या अहवालात शेतकऱ्याच्या जोडधंद्यांमध्ये कोंबड्या पाळण्याचाही विचार केला. १९३९ साली बरेलीजवळील इज्जतनगर येथे कुक्कुट संशोधनाचा विभाग निघाला. १९७९ मध्ये तेथेच स्वतंत्र केंद्रीय पक्षी संशोधन संस्था उभी राहिली. बदकांत खाकी कॅम्पबेल ही जात सरकारी केंद्रांतून प्रसृत झाली. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर इंग्लंडमधील ग्लॉस्टरशायर परगण्यात श्रीमती अडेल कॅम्पबेल ह्या गृहिणीने आपल्या परसात ती निर्माण केली. तिच्या रंगाला आपल्याकडील 'खाक' ह्या शब्दावरून आलेले नाव मिळाले. ही बदकीण वर्षाला तीनशेच्या घरात अंडी देते, आणि उबवणीस जवळजवळ बसतच नाही. म्हणजे जिच्या अंगची माया सर्वांत आटली, तीच सर्वांत मोलाची ठरली!

महाराष्ट्रात शासनाची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रे स्थापन झाली, त्यांतील एक आपल्या कोल्हापुरात. एक दिवसाची पिल्ले पेटीतून गावोगाव जाऊ लागली. ह्याचा लाभ नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पिल्ले स्वस्त झाली, रोगावरच्या लसी आल्या, कोंबडीच्या लहरीवर संसाराचे गणित अडून राहीनासे झाले. २०१९ च्या पशुगणनेत देशातील परसातील पक्ष्यांची संख्या सुमारे ३१ कोटी ७० लक्ष भरली. ती २०१२ च्या तुलनेने जवळजवळ शेकडा ४६ ने वाढलेली होती. तेव्हा परसातून पक्षी गेले, असे कोणी म्हणू नये. पक्षी आहेत, उबवणीचे ज्ञान मात्र परसातून यंत्रशाळेत गेले.

आणि त्या ज्ञानाबरोबर आणखीही एक गोष्ट गेली. शेतातील धान्याचा पैसा कारभाऱ्याच्या हाती जाई. दुधाचाही बहुधा त्याच्याच. पण आमच्या घरी आणि आसपासच्या घरांतून अंड्यांचा पैसा बाईचा, हा अलिखित कायदा होता. खुडूक कोंबडी हे तिचे यंत्र होते, आणि त्याला भांडवल लागत नव्हते. पिल्ले विकत आणावयाची म्हटली की रोख रक्कम लागते, आणि रोख रक्कम मागावयाची कोणाकडे, तर कारभाऱ्याकडे. मी कोणाला दोष देत नाही; जे पाहिले ते सांगतो.

दुसरीही बाजू सांगितली पाहिजे. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतातील पहिला बर्ड फ्लू प्रकट झाला आणि लक्षावधी पक्षी नष्ट करावे लागले. २०१४ साली केरळच्या कुट्टनाड भागात तीच आपत्ती बदकांवर आली. बदक हा रोग कित्येकदा स्वतः आजारी न दिसता वाहून नेते. कोंबडी आणि बदक एका खुराड्यात नांदविणे आमच्या आजीच्या काळी जितके निर्धास्त होते तितके आज नाही. शास्त्रज्ञ ती वेगळी ठेवा म्हणतात, ते ऐकले पाहिजे. आजी हयात असती तर तिलाही मी हेच सांगितले असते. ती हसली असती. पण पटले असते तर तिने ऐकले असते. मी मात्र तिचे ऐकले नव्हते.

श्रोतेहो, आपल्यापैकी कित्येकांच्या घरी खेड्यातून आलेली एखादी वृद्ध आजी, मावशी, आत्या असेल. तिने कधी रवण बसविली होती का, हे तिला एकदा विचारून पाहावे. दिवस कसे मोजले, अंडे कसे पारखले, पिल्ले कशी जगविली, हे तिच्या शब्दांत वहीत उतरवून ठेवावे; खिळ्याची समजूतही वगळू नये. त्यातील खरे काय आणि खोटे काय, हे पुढचे शास्त्रज्ञ ठरवितील. उशीर झाला तर विचारावयास कोणी राहत नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

ती उरलेली दोन बदके मोठी झाली. त्यांतील मादी पुढे अंडी घालू लागली, आणि आजीने तांबडी कोंबडी खुडूक होण्याची पुन्हा वाट पाहिली. त्या खेपेस कोळशाच्या फुल्या तिने माझ्याकडून घालून घेतल्या, आणि पेंडीचे पोते सोप्यातून हलवून वर माळ्यावर ठेवले. तिला सारे कळले होते की काय, हे मला आजवर उमगलेले नाही.